शंभर घरांचा चौरस: दशांश अपूर्णांक नव्याने शिकवणाऱ्यांसाठी

पाचवीच्या आसपास दशांश अपूर्णांक हाती येतात तेव्हा पूर्ण संख्या मुलांच्या चांगल्या अंगवळणी पडलेल्या असतात, आणि पुष्कळशी अडचण तिथूनच सुरू होते. ०.३५ आणि ०.८ यांतली मोठी संख्या कोणती, असे विचारले की अनेक मुले ०.३५ असे उत्तर देतात, कारण पस्तीस हे आठांपेक्षा मोठे, हे त्यांनी पहिलीपासून घोकलेले असते. शेवटी शून्य जोडून दोन्हीकडचे अंक सारखे करण्याची युक्ती सांगितली तर उत्तर बरोबर येते, पण ०.८ चे ०.८० कशामुळे होते हे मुलाला कळलेले नसते. शंभर घरांचा चौरस त्याने स्वतःच्या हाताने रंगवला, तर आठ पट्ट्या आणि ऐंशी घरे ही एकच जागा आहे हे वेगळे सांगावे लागत नाही.

कोकणपट्टीतील लहान शाळांत नव्याने रुजू झालेले शिक्षक आणि घरी मुलांचा अभ्यास घेणारे पालक यांना ही पद्धत पायरीपायरीने वापरता यावी, यासाठी हा लेख आहे. या पद्धतीचे सारे बळ एका गोष्टीत आहे: कोणत्याही क्षणी विचारले तरी ‘पूर्ण एक म्हणजे काय’ हे मुलाला बोट ठेवून दाखवता आले पाहिजे. ते सुटले, की रंगवण्याचे काम चित्रकलेचा तास होऊन बसते.

साहित्य, आणि टाळायच्या दोन गोष्टी

कागदावर १० सेंटिमीटर बाजूचा चौरस आखून त्यात दर सेंटिमीटरला उभ्या व आडव्या रेषा ओढल्या, की १०० घरे तयार होतात. ए-फोर आकाराच्या कागदावर एकाखाली एक असे दोन चौरस ऐसपैस बसतात. तीन नमुने काळजीपूर्वक तयार करावेत: एकात चौरसाची फक्त बाहेरची चौकट, दुसऱ्यात केवळ नऊ उभ्या रेषा, आणि तिसऱ्यात सगळी शंभर घरे, त्यांच्या झेरॉक्स काढून घ्याव्यात. मुलांनी घाईने आखलेली घरे लहानमोठी होतात, आणि घरे असमान असतील तर एका घराला शतांश म्हणता येत नाही. झेरॉक्सची सोय नसेल तेथे चौकटींच्या वहीत दहा घरे लांब व दहा घरे रुंद असा चौरस जाड रेषेने वेढून घेतला तरी काम भागते. पावसाळ्यात किनाऱ्याकडच्या दमट हवेने कागद मऊ पडतो आणि स्केचपेनाची शाई शेजारच्या घरात पसरते, म्हणून त्या दिवसांत मेणाचे खडू किंवा रंगीत पेन्सिली बऱ्या. प्रत्येक मुलाला दोन रंग पुरतात. पुढच्या टप्प्यासाठी मिलिमीटरच्या बारीक रेषांचा आलेख कागदही जवळ ठेवावा.

पहिली-दुसरीच्या वर्गातला १ ते १०० अंकांचा तक्ता या कामासाठी वापरू नये. त्यातही शंभर घरे असली तरी तेथे प्रत्येक घराची किंमत एक होती आणि येथे ती एकाचा शंभरावा भाग आहे. ओळखीच्या तक्त्यावर नवा अर्थ लादला, तर मूल जुनाच अर्थ धरून बसते. गणित पेटीतील शतकाच्या पाटीलाही, म्हणजे शंभर सुटे एकत्र दाखवणाऱ्या चौरस पाटीलाही, हेच लागू होते.

दुसरी टाळायची गोष्ट म्हणजे रुपये-पैशांपासून केलेली सुरुवात. ते उदाहरण परंपरेने पहिले येत असले, तरी माझ्या मते आज ते पहिले नसावे. २५ पैसे व त्याखालची नाणी ३० जून २०११ पासून चलनातून बाद झाली आणि पन्नास पैशांचे नाणेही क्वचितच दृष्टीस पडते, त्यामुळे आजच्या दहा वर्षांच्या मुलाला पैशाचा हाताळलेला असा अनुभव जवळजवळ नाहीच. शिवाय ‘बावीस रुपये पन्नास पैसे’ हे बोलणे त्याच्या कानाला दोन वेगळ्या पूर्ण संख्यांसारखे वाटते, चिन्हाच्या अलीकडे एक आणि पलीकडे दुसरी. आणि नेमका हाच समज आपल्याला मोडायचा असतो.

पहिली पायरी: पूर्ण एक

आत एकही रेषा नसलेला चौरस प्रथम मुलांच्या हाती द्यावा आणि ‘हा आपला एक’ असे ठरवून घ्यावे. असे दोन चौरस म्हणजे दोन, एक चौरस आणि दुसऱ्याचा अर्धा भाग म्हणजे दीड, एवढे मुले सहज सांगतात. या पायरीला फार वेळ लागत नाही. मात्र ती गाळू नये.

दुसरी पायरी: दहा पट्ट्या

आता नऊ उभ्या रेषांचा, म्हणजे दहा सारख्या पट्ट्यांचा चौरस द्यावा. एक पट्टी म्हणजे एकाच्या दहा समान भागांपैकी एक, म्हणजे एक दशांश. मुलांनी डावीकडून तीन पट्ट्या रंगवाव्यात, ‘तीन दशांश’ असे मोठ्याने म्हणावे आणि अक्षरांत लिहावे. छेद १० असलेला व्यवहारी अपूर्णांक त्यांना लिहिता येत असेल तर तोही शेजारी लिहावा. दशांश चिन्ह मात्र अजून फळ्यावर येऊ देऊ नये. ते जितके उशिरा येईल तितके चांगले, कारण चिन्ह दिसताच मुले चित्राकडे पाहायचे सोडून अंकांशी खेळू लागतात.

त्यानंतर बारा दशांश रंगवायला सांगावेत. एका चौरसात दहाच पट्ट्या असल्यामुळे मुले थबकतात, मग कोणीतरी दुसरा कागद मागते. दहा दशांश मिळून एक पूर्ण होतो आणि दोन दशांश उरतात, हे सुट्यांचे दशक बांधण्यासारखेच आहे हे तेथल्या तेथे मुलांकडून वदवून घ्यावे.

तिसरी पायरी: पट्टीतून घरे

सगळ्या पद्धतीचा कणा असलेली ही पायरी सावकाश घ्यावी. शंभर घरांचा छापील कागद लगेच वाटू नये. ज्या कागदावर तीन पट्ट्या आधीच रंगवलेल्या आहेत, त्याच कागदावर मुलांनी फूटपट्टी धरून नऊ आडव्या रेषा ओढाव्यात. रेषा ओढून झाल्यावर विचारावे की रंगवलेली जागा वाढली, कमी झाली की तेवढीच राहिली. रंग कोणी वाढवला नाही आणि पुसलाही नाही. पूर्वी तीन पट्ट्या होत्या, आता तीस घरे मोजता येतात. तीन दशांश आणि तीस शतांश यांची समानता येथे मुलाच्या हातून घडते, आणि पुढे ०.३ व ०.३० लिहिण्याची वेळ येईल तेव्हा याच कागदाकडे बोट दाखवायचे असते. म्हणून हा कागद वहीत चिकटवून ठेवावा.

मग छापील कागदावर सदतीस घरे रंगवायला द्यावीत. काही मुले घरे विखरून रंगवतात, काही रांगोळीसारखी नक्षी काढतात. ते चूक नाही. सदतीस शतांश जागा रंगवली गेलीच आहे. परंतु ती किती आहे हे एका नजरेत वाचता येत नाही, हे शेजाऱ्याला मोजायला लावून दाखवून द्यावे, आणि नंतर तीन भरलेल्या पट्ट्या व चौथ्या पट्टीतली सात घरे अशी मांडणी करून घ्यावी. आता चित्राची दोन वाचने शक्य होतात: तीन दशांश आणि सात शतांश, किंवा एकूण सदतीस शतांश. दोन्ही वाचने प्रत्येक मुलाच्या तोंडून यायला हवीत. मूल नुसते ‘सदतीस’ म्हणाले, की ‘सदतीस काय?’ असे दर वेळी विचारण्याची शिक्षकाने सवय लावून घ्यावी. उत्तरातला ‘शतांश’ हा शब्द गळाला, की त्या मुलाच्या लेखी प्रत्येक घर पुन्हा एक झालेले असते.

चौथी पायरी: लिहिणे आणि वाचणे

चित्र दोन्ही प्रकारे वाचता आले, की मगच ते अंकांत मांडावे. फळ्यावर दशक, एकक, दशांश, शतांश असे रकाने आखावेत आणि एकक व दशांश यांच्यामध्ये दशांश चिन्हासाठी ठळक रेषा ओढावी. रकान्यांची नावे पूर्ण लिहावीत, कारण ‘द’ आणि ‘श’ एवढेच लिहिले तर दशक की दशांश आणि शतक की शतांश याचा घोटाळा होतो. पूर्ण भरलेले चौरस एककाच्या रकान्यात, भरलेल्या पट्ट्या दशांशाच्या आणि सुटी घरे शतांशाच्या रकान्यात मांडली की २.३७ ही संख्या चित्रावरून जशीच्या तशी उतरते.

काही मुले दशांश चिन्हाला मधोमध धरून विचारतात, की डावीकडे एकक आहे तर उजवीकडे ‘एककांश’ का नाही. प्रश्न हुशारीचा आहे. त्याचे उत्तर असे, की मांडणीच्या मध्यभागी चिन्ह नसून एकक आहे, म्हणजेच आपला पूर्ण चौरस आहे. त्याच्या दहापट दशक आणि त्याचा दहावा भाग दशांश, ही जोडी एककाच्या दोन बाजूंना बसते.

चार पट्ट्या आणि चार घरे अशी दोन चित्रे शेजारीशेजारी काढून ०.४ आणि ०.०४ लिहून घ्यावे. दुसऱ्या चित्रात एकही पट्टी पूर्ण भरलेली नाही, म्हणून दशांशाच्या रकान्यात शून्य लिहावेच लागते. वाचताना ०.३७ ही संख्या ‘शून्य पूर्णांक सदतीस शतांश’ किंवा ‘शून्य दशांश चिन्ह तीन सात’ अशी वाचावी. ‘पॉइंट सदतीस’ हे बाजारात चालते, वर्गात निदान वर्षभर तरी चालू देऊ नये, कारण ‘पॉइंट पस्तीस’ आणि ‘पॉइंट आठ’ असे ऐकू आले की आरंभीचा गैरसमज पुन्हा डोके वर काढतो.

पाचवी पायरी: तुलना

या पायरीवर एका प्रश्नाच्या उत्तरावर विसंबू नये. ०.३५ आणि ०.८ यांत ०.८ मोठे, हे बरोबर उत्तर चुकीच्या कारणानेही येऊ शकते. काही मुलांनी शतांश दशांशापेक्षा लहान असतो एवढेच लक्षात ठेवलेले असते, म्हणून ज्या संख्येत चिन्हानंतर अंक कमी ती मोठी, असा त्यांचा हिशेब असतो. त्यांना ०.३ आणि ०.४५ द्यावे, ती ०.३ मोठे म्हणतील. म्हणून जोड्या मिसळून द्याव्यात: ०.३५ व ०.८, ०.३ व ०.४५, ०.४ व ०.४०, ०.०७ व ०.६, आणि ४.६३ व ४.८. उत्तर तोंडी घेण्यापूर्वी दोन्ही संख्या शेजारच्या चौरसांत रंगवून घ्याव्यात, आणि चूक झाली तर ती शब्दांनी न सुधारता ‘कागदावर दाखव’ एवढेच म्हणावे.

पाव, अर्धा, पाऊण

मराठी मुलाकडे अपूर्णांकांचे एक मोठे भांडवल आधीपासून असते, आणि ते वर्गात क्वचितच वापरले जाते. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच हे शब्द त्याने घरात आणि दुकानात ऐकलेले असतात. घरातली वडीलधारी माणसे अजूनही ‘काम बारा आणे झाले’ असे म्हणतात. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे १०० पैसे झाले तरी सोळा आण्यांचा हिशेब बोलण्यात टिकून आहे, आणि ते बारा आणे म्हणजे पाऊणच.

चौरसाचा पाव भाग रंगवायला सांगितला तर मुले प्रथम दोनदा निम्मे करून एक कोपरा रंगवतात. त्यात पाच घरे लांब व पाच घरे रुंद अशी पंचवीस घरे आहेत हे मोजून घ्यावे, आणि तीच पंचवीस घरे दुसऱ्या कागदावर पट्ट्यांनी भरायला सांगावीत. दोन पट्ट्या भरतात आणि तिसरीतली पाच घरे भरतात, म्हणून पाव म्हणजे ०.२५. याच रीतीने अर्धा ०.५, पाऊण ०.७५, सव्वा १.२५ आणि अडीच २.५ हे मुलांनी स्वतः काढावे. ही उत्तरे आधी फळ्यावर लिहून ठेवली तर हा भाग वाया जातो.

मग पावाचा निम्मा भाग विचारावा. बारा घरे भरतात आणि तेरावे घर अर्धेच रंगवावे लागते. ते अर्धे घर लिहायचे कसे, हा प्रश्न मुलांनी विचारला की सहस्रांश शिकवण्याची वेळ आली असे समजावे.

सहस्रांश: आलेख कागद आणि ओली वाळू

घराचे पुन्हा दहा समान भाग केले की एक भाग सहस्रांश होतो. आलेख कागदावरच्या १० सेंटिमीटरच्या चौरसात हा भाग एक मिलिमीटर रुंद आणि एक सेंटिमीटर उंच असतो. तो दिसतो, पण रंगवताना मुलांची दमछाक होते. शाळा किनाऱ्याजवळ असेल तर दिवाळीनंतरच्या कोरड्या दिवसांत ओहोटीच्या वेळी ओल्या, घट्ट वाळूवर एक मीटर बाजूचा चौरस काठीने आखावा. त्याची पट्टी १० सेंटिमीटर रुंद, घर १० सेंटिमीटर बाजूचे, आणि घराचा दहावा भाग बोटभर, म्हणजे एक सेंटिमीटर रुंद होतो. पावाचा निम्मा म्हणजे बारा घरे आणि पाच बारीक पट्ट्या, ०.१२५, हे मुले शंख-शिंपले मांडून दाखवू शकतात. जाण्यापूर्वी त्या दिवसाची भरतीची वेळ पाहून घ्यावी आणि सोबत गावातले एखादे जाणते माणूस असावे. सड्यावरच्या किंवा आतल्या वाडीतल्या शाळेत हेच काम ओट्यावर खडूने होते.

वजनकाटा यानंतर उपयोगी पडतो. मासळी बाजारात लहान मासळी वाट्यावर विकली जाते, तिथे दशांशाचा प्रश्न येत नाही. पण सुरमई किंवा पापलेट इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवले की ०.८५० असा तीन दशांश स्थळांपर्यंतचा आकडा दिसतो. एक किलोचे हजार ग्रॅम, म्हणून येथे एक सहस्रांश म्हणजे एक ग्रॅम. काटा अर्ध्या किलोला ०.५०० दाखवतो, आणि तेच ०.५ आहे हे ज्या मुलाने पट्टीतून घरे पाडली आहेत त्याला पटवून द्यावे लागत नाही. आंबा मात्र डझनाने मोजला जात असल्यामुळे, कितीही जवळचा असला, तरी या पाठात तो बाजूला ठेवावा.

बेरीज, वजाबाकी आणि थोडा गुणाकार

०.७ मध्ये ०.५ मिळवताना काही मुले ०.१२ लिहितात. सात पट्ट्या एका रंगाने आणि पुढच्या पाच दुसऱ्या रंगाने भरल्या की पहिला चौरस पूर्ण भरतो व दोन पट्ट्या दुसऱ्या चौरसात जातात, म्हणून उत्तर १.२. ०.३८ आणि ०.४ यांची बेरीज हा याहून चांगला कस आहे. शेवटचे अंक एकाखाली एक मांडण्याच्या सवयीने मुले ०.४२ काढतात, तर चित्रात तीन पट्ट्या व आठ घरे यांत चार पट्ट्या मिळून ०.७८ होतात. चार हे घरांमध्ये मिळवायचे की पट्ट्यांमध्ये, एवढा एकच प्रश्न विचारावा. वजाबाकीसाठी एकातून ०.३६ वजा करायला द्यावेत; न रंगवलेली घरे मोजली की झाले.

गुणाकार पुढच्या वर्षी घेतला तरी चालेल. घ्यायचाच असेल तर ०.४ चा ०.३ भाग काढण्यासाठी चार आडव्या ओळी पिवळ्या आणि तीन उभ्या पट्ट्या निळ्या रंगवाव्यात; दोन्ही रंग एकावर एक येऊन हिरवी झालेली बारा घरे म्हणजे ०.१२. दहाने गुणण्यासाठी शेवटी शून्य जोडण्याचा नियम येथे कोसळतो. एका घराच्या दहापट पट्टी आणि पट्टीच्या दहापट पूर्ण चौरस, त्यामुळे प्रत्येक अंक एक रकाना डावीकडे सरकतो आणि २.५ चे २५ होतात.

चौरसाशिवाय

रंगवण्याचे काम कायम चालू ठेवायचे नसते. मूल चित्र काढण्यापूर्वीच किती पट्ट्या आणि किती घरे होतील हे सांगू लागले, की कागद बाजूला ठेवून बाहेरच्या आकड्यांकडे वळावे. कोकणात त्यासाठी पावसाचे आकडे उत्तम आहेत. हवामान खात्याच्या वर्गवारीत २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर पाऊस मुसळधार, ११५.६ ते २०४.४ मिलिमीटर अति मुसळधार आणि त्याच्या वर अत्यंत मुसळधार धरला जातो. मुलांना ६४.०५, ११५.०६, ११५.६, २०४.४ आणि २०४.५ असे आकडे देऊन कोणता कोणत्या वर्गात बसतो ते ठरवायला लावावे, ६४.०५ ला मुसळधार म्हणणाऱ्या मुलाला ०.४ व ०.०४ ची जोडी पुन्हा दाखवावी.

मग विचारावे की एक वर्ग ११५.५ ला संपतो आणि दुसरा ११५.६ ला सुरू होतो, तर या दोहोंच्या मध्ये काहीच नाही का. पाऊस मिलिमीटरच्या दहाव्या भागापर्यंतच नोंदवला जात असल्यामुळे वर्गवारीत मधली जागा सोडावी लागत नाही. संख्या म्हणून मात्र तेथे ११५.५१ पासून ११५.५९ पर्यंत नऊ शतांश आहेत आणि त्यांच्याही मध्ये सहस्रांश आहेत. ज्या मुलाला हे सुचत नाही, त्याच्या पुढ्यात पाच पट्ट्या रंगवलेला चौरस ठेवून सहाव्या पट्टीतले पहिले घर रंगवायला सांगावे.